पायथनची स्क्रिप्ट दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर: एक्झी बांधताना काय आत ठेवायचं, काय बाहेर

कोल्हापूर जिल्ह्यातल्या दूध संस्थांना लागणारे लहानसहान प्रोग्राम मी लिहून देते. सगळ्यात जास्त चालतो तो बिलाचा. सकाळ-संध्याकाळच्या संकलनाची फाइल वाचायची, फॅट आणि एसएनएफ (दुधातले फॅटखेरीजचे घन पदार्थ) बघून दरपत्रकातला दर लावायचा आणि दर दहा दिवसांनी प्रत्येक उत्पादकाचं बिल मराठीत पीडीएफ करून द्यायचं. पायथनमध्ये हे लिहायला फार वेळ लागत नाही. खरं काम पुढे असतं. सचिवांच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर पायथन नसतं, ते घालून घ्या म्हणून त्यांना सांगणं बरोबरही नाही, आणि दहा तारीख उलटली की बिलं लागतातच. आयकॉनवर दोनदा क्लिक केलं की प्रोग्राम उघडावा एवढीच त्यांची अपेक्षा असते, आणि ती रास्त आहे.

मी त्यासाठी पायइन्स्टॉलर वापरते. तो फुकट आहे, आणि त्याच्या परवान्यात खास सवलत असल्यामुळे तुमचा प्रोग्राम विकायचा असला तरी अडचण येत नाही. तो नक्की काय करतो हे एकदा समजून घ्या, म्हणजे पुढच्या निम्म्या अडचणी आपोआप उलगडतात. तो तुमच्या स्क्रिप्टचं मशीन कोडमध्ये भाषांतर करत नाही. तुमचा बाइटकोड (स्क्रिप्टचं पायथनला चालवता येणारं रूप), तो चालवणारा पायथनचा इंटरप्रिटर, तुम्ही इंपोर्ट केलेल्या लायब्ररी आणि त्यांना लागणाऱ्या डीएलएल फाइल एका ठिकाणी गोळा करतो आणि पुढे एक छोटा बूटलोडर, म्हणजे हे सगळं सुरू करून देणारा प्रोग्राम, लावतो. तो बूटलोडर म्हणजेच तुम्हाला दिसणारी एक्झी, दोनदा क्लिक केल्यावर चालणारी फाइल. त्यामुळे प्रोग्राम वेगवान होत नाही, फाइल लहान होत नाही, आणि विंडोजसाठीची एक्झी विंडोजवरच बांधावी लागते. लिनक्सवर बसून विंडोजची एक्झी पायइन्स्टॉलर देत नाही. मॅकचंही तसंच.

आधी समोरचा कॉम्प्युटर विचारा

बांधायला बसण्याआधी फोन करून दोन गोष्टी विचारा: विंडोज कुठलं आहे, आणि ३२ बिट की ६४ बिट. ६४ बिटच्या पायथनने बांधलेली एक्झी ३२ बिटच्या विंडोजवर उघडत नाही. उलट ३२ बिटची दोन्हीकडे चालते. विंडोज ७ असेल तर पायथन ३.८ च घ्यावं लागतं, कारण ३.९ पासून पुढचं पायथन विंडोज ७ वर चालत नाही. मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ चा आधार जानेवारी २०२० मध्ये थांबवला, तरी गावाकडच्या कार्यालयांत ते अजून भेटतं. संस्थेला नवं मशीन घ्या म्हणून सांगणं सोपं आहे, पण तो निर्णय त्यांच्या संचालक मंडळाचा असतो. तोवर बिलं थांबू नयेत म्हणून माझ्याकडे ३२ बिटचं ३.८ वेगळं ठेवलेलं असतं.

बांधणी स्वच्छ जागेत करा

कमांड टाइप करताना इंग्रजी अक्षरांत करायच्या. इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत.

पायथन -एम वेनव्ह वेनव्ह
वेनव्ह\स्क्रिप्ट्स\ॲक्टिव्हेट
पिप इन्स्टॉल ओपनपायएक्सएल एफपीडीएफ२ यूहार्फबझ पायइन्स्टॉलर

वेनव्ह म्हणजे या एका प्रोग्रामपुरतं वेगळं ठेवलेलं पायथन; त्याशिवाय बांधू नका. तुमच्या रोजच्या पायथनमध्ये वर्षानुवर्षं टाकलेल्या लायब्ररी असतात, आणि कुठलीतरी एक लायब्ररी दुसरीला ऐच्छिक म्हणून इंपोर्ट करते. पायइन्स्टॉलरला ती सापडली की तो तीही उचलतो. ॲनाकोंडातून (ढीगभर लायब्ररींसकट येणाऱ्या पायथनमधून) बांधलेल्या एक्झी अवाढव्य होतात त्याचं कारण बहुतेक वेळा हेच. एक्सेल वाचण्यापुरतं काम असेल तर पांडाज ही मोठी लायब्ररीही नको. ओपनपायएक्सएल पुरतं, आणि नमपायसकट सगळा बोजा वाचतो.

मग पहिली बांधणी:

पायइन्स्टॉलर --नेम दूधबिल बिल.पीवाय

इथे 'बिल्ड' आणि 'डिस्ट' असे दोन फोल्डर आणि एक 'स्पेक' फाइल तयार होते. द्यायचं असतं ते 'डिस्ट'मधलं. स्पेक फाइल जपून ठेवा; पुढे सांगितलेले पर्याय एकतर स्क्रिप्टच्या नावाबरोबर कमांडमध्ये द्या, नाहीतर तेच बदल स्पेक फाइलमध्ये करा आणि कमांडला स्क्रिप्टऐवजी तिचं नाव द्या. 'बिल्ड'मध्ये 'वॉर्न'ने सुरू होणारी एक मजकूर फाइल असते, न सापडलेल्या मॉड्यूलची यादी तिच्यात मिळते. यादी लांबलचक दिसली तरी घाबरू नका, त्यातली बहुतेक नावं लिनक्सची किंवा ऐच्छिक असतात. पण चालवल्यावर 'मॉड्यूल नॉट फाउंड' आलं, तर त्या चुकीत दिलेलं नाव, या यादीत नसलं तरी, 'हिडन-इंपोर्ट' हा पर्याय देऊन घाला. नाव मजकूर म्हणून बनवून मागाहून इंपोर्ट करणाऱ्या लायब्ररींबाबत हे हटकून होतं, कारण पायइन्स्टॉलर कोड वाचून अंदाज बांधतो, चालवून बघत नाही.

काय आत, काय बाहेर

सगळ्यात जास्त विचार इथे करावा लागतो.

माझ्या प्रोग्रामला तीन प्रकारच्या फाइल लागतात. पहिली, मराठी फॉन्ट आणि बिलावरचं चिन्ह. ही कधी बदलत नाहीत आणि वापरणाऱ्याला दिसायचीही गरज नाही. दुसरी, दरपत्रकाची एक्सेल: गाईच्या दुधाला एक शीट, म्हशीच्या दुधाला दुसरी, उभ्या बाजूला फॅट, आडव्या बाजूला एसएनएफ. ही संघाकडून नवा दर आला की बदलते. तिसरी, रोजचं संकलन आणि तयार झालेली बिलं. हा संस्थेचा स्वतःचा माल.

पहिला प्रकार आत, म्हणजे 'ॲड-डेटा' पर्यायाने पॅकेजमध्ये. दुसरा आणि तिसरा बाहेर. दरपत्रक एक्झीच्या पोटात घातलं तर दर बदलला की सचिवांना तुमच्याकडे यावं लागेल. त्यांच्या हातातली गोष्ट आपण आपल्या हातात घेतली असं होईल, आणि ते मला पटत नाही. दर कोण ठरवतं, तो टाकायचा कुणी, हे संस्थेचं काम आहे. प्रोग्रामने तिथे लुडबुड करू नये.

'ॲड-डेटा'मध्ये आधी फाइल, मग विसर्गचिन्हासारखे दोन ठिपके, मग पॅकेजमधलं फोल्डर. जुन्या लेखांत विंडोजसाठी अर्धविराम दिलेला दिसेल. पायइन्स्टॉलर ६ पासून दोन ठिपके सगळीकडे चालतात. याच आवृत्तीपासून आतल्या सगळ्या फाइल एक्झीशेजारच्या 'अंडरस्कोर इंटर्नल' नावाच्या फोल्डरमध्ये जातात, त्यामुळे वरचं फोल्डर मोकळं दिसतं.

आता या फाइल कोडमधून शोधायच्या कशा? नुसतं 'दरपत्रक.एक्सएलएसएक्स' असं नाव देऊन उघडू नका. असं नाव प्रोग्राम ज्या फोल्डरमधून चालू झाला त्या फोल्डरमध्ये शोधलं जातं, आणि ते फोल्डर एक्झीचंच असेल याची खात्री नाही. शॉर्टकटमध्ये वेगळी जागा लिहिलेली असली की फाइल सापडत नाही. म्हणून प्रोग्रामच्या सुरुवातीलाच दोन पत्ते ठरवून घ्या.

आतल्या फाइलींचा पत्ता: 'अंडरस्कोर-अंडरस्कोर फाइल' या नावातून मिळणारं फोल्डर. स्क्रिप्ट म्हणून चालवा किंवा एक्झी म्हणून, पायइन्स्टॉलर हा पत्ता बरोबर देतो.

बाहेरच्या फाइलींचा पत्ता: 'सिस' मॉड्यूलवर 'फ्रोझन' हा गुण खरा असेल तर 'सिस.एक्झिक्युटेबल' ज्या फोल्डरमध्ये आहे ते; नसेल तर स्क्रिप्टचं फोल्डर. 'फ्रोझन' बघताना 'गेटॲटर' वापरा आणि न सापडल्यास 'फॉल्स' द्या, कारण साध्या पायथनमध्ये हा गुण नसतोच.

दोन्ही पत्ते एकाच ठिकाणी, दोन नावांत. बाकी सगळ्या कोडमध्ये तीच दोन नावं वापरा. तुमच्या स्वतःच्या मशीनचा पूर्ण पत्ता, सी ड्राइव्हपासूनचा, कुठेही राहता कामा नये. तो राहिला तर तुमच्याकडे एक्झी छान चालेल आणि दुसरीकडे पहिल्या मिनिटाला बंद पडेल. बांधणीआधी सगळ्या कोडमध्ये 'यूजर्स' हा शब्द एकदा शोधून बघा.

मराठी अक्षरं

इंग्रजीतल्या मार्गदर्शिकांत हा भाग सापडत नाही, म्हणून जरा सविस्तर.

विंडोजवर फाइल उघडताना एन्कोडिंग (अक्षरं बाइटमध्ये लिहायची पद्धत) सांगितलं नाही तर पायथन मशीनचं ठरलेलं एन्कोडिंग धरतं. आपल्याकडच्या बहुतेक कॉम्प्युटरवर ते सीपी१२५२ असतं, युरोपातल्या भाषांसाठीचं. यूटीएफ-८ मध्ये लिहिलेली सभासद यादी त्यातून वाचली की 'पाटील' हे नाव विचित्र युरोपीय अक्षरांची रांग होऊन येतं, पण प्रोग्राम पुढे जातो. 'कृष्णा' आलं की मात्र थेट कोसळतो. यामागे कारण आहे. जोडाक्षरातल्या हलन्ताचा यूटीएफ-८ मधला शेवटचा बाइट ८डी असतो, आणि सीपी१२५२ मध्ये त्या जागी काहीच नाही. म्हणून पाच नावांची चाचणी यादी बिनतक्रार वाचली जाते आणि संस्थेची खरी यादी जोडाक्षराच्या पहिल्या नावाला अडते. लिनक्स किंवा मॅकवर लिहिणाऱ्याला हे कधी दिसतच नाही, कारण तिथे सहसा यूटीएफ-८ च असतं.

उपाय एका ओळीचा आहे: प्रत्येक 'ओपन'मध्ये एन्कोडिंग लिहा. लिहिण्यासाठी 'यूटीएफ-८'. वाचण्यासाठी 'यूटीएफ-८-सिग', कारण एक्सेलमधून 'सीएसव्ही यूटीएफ-८' म्हणून जतन केलेल्या फाइलीच्या सुरुवातीला एक अदृश्य खूण असते. ती काढली नाही तर पहिल्या रकान्याचं शीर्षक जुळत नाही आणि का जुळत नाही हे डोळ्यांना दिसत नाही.

दुसरी गोष्ट पीडीएफची. देवनागरी नीट छापायला फॉन्टबरोबर अक्षरं जुळवणारं इंजिनही लागतं. ते नसेल तर 'किलो'मधली वेलांटी क च्या उजवीकडे जाते आणि 'म्हैस'मधला म् पाय मोडून उभा राहतो. एफपीडीएफ२ मध्ये 'सेट टेक्स्ट शेपिंग' चालू करावं लागतं आणि त्यासाठी यूहार्फबझ वेगळं बसवावं लागतं. वरच्या पिपच्या ओळीत ते त्यासाठीच आहे. फॉन्ट मी नोटो सान्स देवनागरी घेते. तो ओपन फॉन्ट परवान्याखाली आहे, प्रोग्रामबरोबर वाटता येतो. मंगल किंवा निर्मला विंडोजबरोबर येतात म्हणून त्यांच्या फाइल उचलून आपल्या पॅकेजमध्ये घालू नका, तो हक्क आपल्याला नाही.

एक्झीचं नाव आणि फोल्डरचं नाव मात्र मी इंग्रजी अक्षरांत ठेवते. डेस्कटॉपवरच्या शॉर्टकटला मराठी नाव देता येतं, दिसायला तेवढं पुरतं.

काळी खिडकी

"ताई, दाबलं की काळं कायतरी येतंय आणि जातंय बघा." हा फोन एक्झी देणाऱ्या प्रत्येकाला येतो. काळी खिडकी म्हणजे कन्सोल, आणि ती गेली म्हणजे प्रोग्राम चूक सांगून बंद पडला. ती चूक वाचायला कुणाला वेळच मिळाला नाही.

पहिल्या चाचण्या कन्सोल ठेवूनच करा, आणि एक्झीवर दोनदा क्लिक न करता कमांड प्रॉम्प्ट उघडून तिथून चालवा. चूक पडद्यावर राहते. सगळं जमलं की मगच 'नोकन्सोल' लावा. तो लावल्यावर 'सिस.एसटीडीआउट' रिकामं होतं. साध्या 'प्रिंट'ने काहीच होत नाही, चूकही येत नाही, पण प्रगतीची पट्टी दाखवणाऱ्या किंवा थेट त्यात लिहिणाऱ्या लायब्ररी 'नन टाइप'ची तक्रार करून कोसळतात.

कन्सोल काढल्यावर चुका कुठेतरी गेल्या पाहिजेत. मुख्य फंक्शनभोवती एक 'ट्राय' ठेवा. चूक आली की तिचा पूर्ण तपशील एक्झीशेजारच्या लॉग फाइलमध्ये, आणि पडद्यावर मराठीत एक साधं वाक्य. "दरपत्रकाची फाइल एक्सेलमध्ये उघडी आहे. ती बंद करून पुन्हा प्रयत्न करा." विंडोजवर उघड्या एक्सेलमध्ये लिहायला गेलं की परवानगीची चूक येते, आणि दूध संस्थेत ती एक्सेल दिवसभर उघडीच असते. इंग्रजीतली चार ओळींची चूक बघून माणूस स्वतःला दोष देतो. तसं होऊ देऊ नका.

खिडकीच्या शीर्षकात आवृत्तीचा आकडा छापा, 'दूधबिल २.३' असा. फोनवर पहिला प्रश्न तोच विचारायचा.

एक फाइल की फोल्डर?

'वनफाइल' पर्याय दिला की सगळं एकाच एक्झीत येतं आणि सगळ्यांना तोच मोह होतो. मी तो देत नाही. वनफाइल म्हणजे एक डबा: दर वेळी उघडताना आतलं सगळं टेंप फोल्डरमध्ये ओतलं जातं, मग प्रोग्राम चालू होतो, आणि बंद करताना ते पुसलं जातं. जुन्या हार्ड डिस्कवर यात बराच वेळ जातो. तेवढ्यात काही झालं नाही म्हणून माणूस आणखी दोनदा क्लिक करतो आणि तीन प्रोग्राम चालू होतात. लाइट गेली किंवा टास्क मॅनेजरमधून बंद केलं की ओतलेलं तसंच पडून राहतं, आणि टेंपमध्ये 'एमईआय'ची फोल्डरं साठत जातात. शिवाय टेंपमध्ये स्वतःला उघडून तिथून चालणं ही सवय व्हायरसचीही असल्यामुळे अँटिव्हायरसचा संशय वाढतो.

म्हणून 'वनडिर', म्हणजे न सांगता मिळणारं फोल्डर. त्याचा एकच त्रास: फोल्डर झिप करून पाठवलं की पुष्कळ लोक झिप न सोडवता आतल्या एक्झीवरच क्लिक करतात. विंडोज तेवढी एक्झी तात्पुरती बाहेर काढतं, शेजारचं 'इंटर्नल' फोल्डर आतच राहतं, आणि पायथनची डीएलएल मिळाली नाही अशी चूक येते. याचा उपाय इन्स्टॉलर, त्याकडे येतेच.

अँटिव्हायरस आणि निळी पाटी

पायइन्स्टॉलरचा बूटलोडर सगळ्यांच्या एक्झीत सारखाच असतो. तोच वापरून कुणी वाईट प्रोग्राम बांधले असल्यामुळे आपल्या निर्दोष एक्झीवरही कधी कधी बोट ठेवलं जातं. वनडिर ठेवणं आणि यूपीएक्सने फाइल दाबण्याच्या भानगडीत न पडणं, याने बराच फरक पडतो. तरीही विंडोजच्या स्वतःच्या डिफेंडर अँटिव्हायरसने अडवलं तर मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावर ती फाइल तपासणीसाठी देता येते. व्हायरसटोटल या फाइल तपासणाऱ्या संकेतस्थळावर तपासायची असेल तर आत कुणाचाही खरा डेटा नाही याची आधी खात्री करा. तिथे चढवलेल्या फाइल इतर अभ्यासकांनाही मिळतात.

"अँटिव्हायरस बंद करा" असं मात्र कुणालाही सांगू नका. संस्थेचा बँकेचा व्यवहार त्याच कॉम्प्युटरवरून होतो.

इंटरनेटवरून उतरवलेली, सही नसलेली एक्झी उघडली की विंडोजची निळी पाटी येते, 'तुमच्या पीसीचं रक्षण केलं' अशा अर्थाची. 'मोअर इन्फो' दाबल्यावर 'रन एनीवे' दिसतं. हे टाळायला कोड सायनिंगचं प्रमाणपत्र लागतं. त्याचे पैसे लागतात, आणि जून २०२३ पासून त्याची खासगी किल्ली हार्डवेअर टोकनसारख्या उपकरणातच ठेवणं बंधनकारक आहे. दहा-वीस ओळखीच्या संस्थांसाठी मी ते घेतलेलं नाही. मी पेनड्राइव्ह घेऊन जाते आणि पहिल्यांदा स्वतः बसवून देते. अनोळखी लोकांना वाटणार असाल तर घ्या. ईमेलचा विचार सोडा. जीमेल एक्झी अडवतं, झिपमध्ये घातली तरी. ड्राइव्हची लिंक द्या.

आणि एक्झी म्हणजे तिजोरी नव्हे. आतला बाइटकोड बाहेर काढायची साधनं सहज मिळतात, आणि पायइन्स्टॉलरने स्वतःची एन्क्रिप्शनची सोय सहाव्या आवृत्तीत काढूनच टाकली. पासवर्ड, एपीआयची किल्ली, सभासदांचे खाते क्रमांक यातलं काहीही कोडमध्ये लिहू नका.

कोऱ्या मशीनवर चाचणी

जिथे पायथन कधीच नव्हतं अशा कॉम्प्युटरवर चालवून बघितल्याशिवाय देऊ नका. विंडोज प्रो असेल तर 'विंडोज सँडबॉक्स' चालू करा. तो दर वेळी कोरा उघडतो आणि बंद केला की सगळं विसरतो. होम आवृत्तीत तो नाही, तिथे घरातला दुसरा लॅपटॉप घ्या. इंटरनेट बंद करून चालवा. जोडाक्षरांची नावं असलेली यादी द्या. दरपत्रक मुद्दाम दुसरीकडे हलवून चालवा, आणि कळेल अशी मराठी सूचना येते का बघा.

शेवटी इन्स्टॉलर

इनो सेटअप हे साधन 'डिस्ट'मधलं फोल्डर एका सेटअप फाइलमध्ये बांधतं. त्यात 'प्रिव्हिलेजेस रिक्वायर्ड'ची किंमत 'लोएस्ट' ठेवा. मग ॲडमिनचा पासवर्ड लागत नाही आणि प्रोग्राम वापरणाऱ्याच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये बसतो. हे महत्त्वाचं आहे, कारण 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये बसवलं तर साध्या वापरकर्त्याला तिथे लिहिता येत नाही, आणि एक्झीशेजारचं दरपत्रक बदलता येणार नाही. डेस्कटॉपवर मी दोन शॉर्टकट ठेवते: एक 'दूधबिल', दुसरा थेट 'दरपत्रक'. फोल्डर कुठे आहे हे मग कुणाला माहीत असायची गरज पडत नाही.

नवी आवृत्ती देताना तोच सेटअप पुन्हा चालवायचा असतो. इनो सेटअप आधीच्या फाइलवर नवी फाइल घालतो, आणि तुमच्या सेटअपमधलं कोरं दरपत्रक संस्थेने भरलेल्या दरपत्रकावर जाऊन बसू शकतं. म्हणून त्या एका फाइलीच्या ओळीत दोन फ्लॅग लावा: 'ओन्लीइफडझन्टएक्झिस्ट', म्हणजे आधीची फाइल असेल तर हात लावायचा नाही, आणि 'अनइन्सनेव्हरअनइन्स्टॉल', म्हणजे प्रोग्राम काढून टाकला तरी दरपत्रक जागेवर राहतं. बाकीच्या फाइलींना हे फ्लॅग लावू नका, त्या दर वेळी नव्याच बसल्या पाहिजेत.